प्राधान्यफलकाचे व्याकरण : संगणकीय भेद्यतांच्या नोंदपद्धतीची समीक्षा

पिंपळगाव बसवंत येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात दिवसाचे लिलाव आटोपले की भावांची नोंद होते. प्रथम आवक किती झाली ते सांगितले जाते, आणि मग प्रत्येक मालापुढे तीन आकडे मांडले जातात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कांद्याचा भाव क्विंटलवर असतो, टोमॅटोचा वीस किलोंच्या क्रेटवर. हे तीन आकडे वाचण्याची तेथील रीत ध्यानात घेण्यासारखी आहे. ट्रॉली घेऊन आलेला शेतकरी 'सर्वसाधारण' हा आकडा आपल्या मालाचा भाव म्हणून वाचीत नाही. माल मोठा आहे की गोल्टी, उन्हाळ आहे की लाल, पत्ती टिकून आहे की सुटली आहे, वाटेत पावसाने गाठले काय, लिलावाला व्यापारी किती उतरले, हे सारे तो त्या आकड्याला मनातल्या मनात जोडतो. तेव्हा कोठे त्याचे वाक्य पुरे होते. फलकावर जे असते ते केवळ विशेषण. कर्ता, काळ आणि स्थळ वाचणाराच पुरवितो, आणि ते आपणच पुरवायचे असतात हे त्याला पक्के ठाऊक असते.

गेल्या दोन दशकांत दुसऱ्याच एका जातीच्या फलकाने बँकांतून, सरकारी कचेऱ्यांतून आणि बंदरांतून आपली जागा पक्की केली आहे. सॉफ्टवेअरमध्ये आढळणाऱ्या सुरक्षाविषयक दोषांची गणना करणारा, त्यांना रंग आणि क्रम देणारा, आणि कोणता दोष आधी दुरुस्त करावा हे सांगू पाहणारा हा फलक 'डॅशबोर्ड' या इंग्रजी नावानेच ओळखला जातो. (या शब्दाचा इतिहास मौजेचा आहे. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून बग्गीच्या पुढील बाजूस जी फळी बसवीत, ती मूळची डॅशबोर्ड. मोटार आली तेव्हा त्याच जागी काटे आणि तबकड्या आल्या. दाखविणे हे या फळीचे मूळ कार्य नव्हे. अडविणे हे होते.) या फलकाची तांत्रिक परीक्षा अभियंत्यांनी पुष्कळ केली आहे. परंतु हा फलक ही एक संहिताही आहे. तिला शब्दसंग्रह आहे, वाक्यरचना आहे, आणि तिचे असंख्य वाचक तिच्यावरून दररोज निर्णय घेत असतात. भाषेच्या अभ्यासकाने ती वाचून पाहिली असता तिच्या काही ठळक अपयशांची मुळे यंत्रात न सापडता व्याकरणात सापडतात.

संहितेचा कच्चा माल थोडक्यात सांगितला पाहिजे. १९९९ पासून प्रत्येक ज्ञात दोषाला 'सीव्हीई' या मालिकेतील एक क्रमांक देण्याची प्रथा आहे. अमेरिकेतील मायटर ही संस्था तिची व्यवस्था पाहते. भारतात या प्रकारच्या सूचना सर्ट-इन ही २००४ मध्ये सुरू झालेली सरकारी यंत्रणा प्रसृत करते, आणि २०२१ पासून तिलाही असे क्रमांक देण्याचा अधिकार आहे. क्रमांकात वर्ष आणि अनुक्रम यांखेरीज काही नसते. नामकरणाची ही पद्धत निर्विकार आहे आणि हा तिचा गुण होय. त्या क्रमांकाला पुढे 'सीव्हीएसएस' या सूत्राने शून्य ते दहा यांमधील गुणांक मिळतो : ३.९ पर्यंत अल्प, ४ ते ६.९ मध्यम, ७ ते ८.९ उच्च आणि ९ पासून पुढे अतिगंभीर. फलकावर यांचे चार रंग होतात. डिपेंडन्सी-ट्रॅक किंवा डिफेक्टडोजो यांसारखे, कोणालाही विनामूल्य वापरता येणारे फलक घेतले काय, किंवा मोठ्या कंपन्यांचे महागडे फलक घेतले काय, पहिल्या पडद्यावरचा व्यवहार बहुधा या चार विशेषणांचाच असतो.

इंग्रजीतील मूळ संज्ञेला मराठी आणि हिंदी प्रशासकीय परिभाषेत 'भेद्यता' हा प्रतिशब्द रूढ होऊ पाहत आहे. वृत्तपत्रांना तो जड वाटतो. ती 'त्रुटी' किंवा 'उणीव' म्हणून मोकळी होतात. पण भेद्यता हा शब्द त्रुटीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. त्रुटी ही वस्तूत असते. भेद्य हे कृत्यप्रत्ययान्त रूप आहे. ज्याचा भेद करता येईल ते भेद्य. या रूपाच्या पोटात एक क्रियापद आहे, आणि क्रियापद आले की कारकांची विचारपूस करणे प्राप्त होते. कोणाकडून भेद्य? कशाने? कोठे असताना? केव्हा? किल्ल्याचा तट भेद्य आहे असे म्हणताना समोर तोफ आहे की भाला, याची कल्पना बोलणाऱ्याच्या मनात असतेच. मराठीने तर या बाबतीत निवडीला भरपूर वाव ठेवला आहे : फट आपोआप पडते, भोक कोणी तरी पाडतो, खिंडारात आत शिरण्याची वाट सूचित असते, आणि भगदाडाला आकाराखेरीज धक्क्याचाही अर्थ असतो. फलकाने यांतले काहीच घेतले नाही. त्याने भेद्य या रूपाला '-ता' लावून भाववाचक नाम बनविले, त्या नामाला विशेषण जोडले, आणि कारके गळून पडली.

येथे सूत्रकर्त्यांवर अन्याय होऊ नये. सीव्हीएसएसच्या २०१९ मधील ३.१ या आवृत्तीच्या मार्गदर्शिकेत, हा गुणांक दोषाचे गांभीर्य मोजतो, जोखीम मोजत नाही, असे स्पष्टपणे बजावलेले आहे. त्या सूत्रात मूळ गुणांकाखेरीज आणखी दोन गट आहेत : एक काळानुसार बदलणाऱ्या गोष्टींचा आणि दुसरा त्या त्या संस्थेच्या परिस्थितीचा. नोव्हेंबर २०२३ मधील चौथ्या आवृत्तीनेही ही विभागणी, काळाच्या गटाचे नाव बदलून, कायम ठेवली. म्हणजे काळ आणि अधिकरण यांच्या जागा व्याकरणकर्त्याने राखून ठेवल्या होत्या. त्या भरण्याचे काम वापरणाऱ्यावर सोपविले होते, आणि बहुतेक फलकांनी त्या रिकाम्या ठेवून केवळ मूळ गुणांक भिंतीवर लावला. जो मूळ गुणांक काळाने बदलू नये अशी त्याची व्याख्याच आहे, त्याच्यावरून आज काय करावे हे ठरू लागले.

याचा परिणाम कसा होतो हे २०१७ सालच्या घटनाक्रमावरून चांगले दिसते, आणि तो घटनाक्रम निफाड तालुक्याला दूरचा नाही. पिंपळगावच्या परिसरातील द्राक्षे आणि कांदे वातानुकूलित कंटेनरांतून ज्या न्हावा शेवा बंदराकडे जातात, त्या बंदरातच त्याचा शेवटचा अंक घडला. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोज प्रणालीतील एका दोषावर दुरुस्ती प्रसिद्ध केली. कंपनीने स्वतः त्याला अतिगंभीर म्हटले. अमेरिकेच्या राष्ट्रीय भेद्यता-सूचीत मात्र त्याला प्रारंभी ८.१ गुण मिळाले, म्हणजे 'उच्च'. हल्ला करणे अवघड आहे असे गृहीत धरल्यामुळे गुण उतरले होते. अवघडपणा 'अल्प' धरला असता तर तेच सूत्र ९.८ देते. त्यानंतर एका महिन्याने, १४ एप्रिल रोजी, शॅडो ब्रोकर्स असे नाव घेणाऱ्या टोळीने त्या दोषावर चालणारे तयार हत्यारच सर्वांसाठी खुले केले. अवघड होते ते एका दिवसात सोपे झाले, पण मूळ गुणांक होता तेथेच राहिला. १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने जगभर धुमाकूळ घातला. तरीही २७ जून रोजी, म्हणजे दुरुस्ती हाती आल्यानंतर १०५ दिवसांनी आणि वॉनाक्रायनंतर ४६ दिवसांनी, नॉटपेट्या त्याच दोषाचा आधार घेऊन पसरू शकली. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या समूहातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या न्हावा शेवा येथील धक्क्याचे संगणक बंद पडले, कामे हाताने करण्याची पाळी आली आणि कंटेनर साचू लागले. द्राक्षाचा हंगाम तेव्हा उरकलेला होता. हेच फेब्रुवारीत झाले असते तर निफाडच्या बागाईतदारांना संगणकशास्त्राचा हा धडा फार महागात पडला असता. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

या घटनेत माहितीचा अभाव नव्हता. क्रमांक ठाऊक होता, गुणांक ठाऊक होता, दुरुस्ती ठाऊक होती. बदललेला होता तो काळ. 'हा दोष उच्च आहे' हे विधान मार्चमध्येही खरे होते, मे महिन्यातही खरे होते, आणि जूनमध्येही. जे विधान तीनही वेळा सारखेच खरे, ते तिन्ही वेळांतील फरक सांगण्यास अर्थातच असमर्थ असते. वैद्यकात रुग्णाला 'गंभीर' म्हणतात तेव्हा त्या शब्दाला दिवस जोडलेला असतो. काल गंभीर होता, आज उतार आहे. इंग्रजीत ज्या शब्दाने अतिगंभीर दाखवितात त्याच्या मुळाशी तर निर्णयाचा क्षण अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. फलकाने वैद्याचा शब्द उचलला आणि त्याची नाडी तेवढी मागे सोडली.

अधिकरणाचे प्रकरण याहून अवघड आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या एका लहानशा, पण असंख्य सॉफ्टवेअरांच्या पोटात दडलेल्या घटकात दोष आढळला आणि त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. या वेळी विशेषणाबद्दल कोणाचे दुमत नव्हते. तरीही आठवडेच्या आठवडे संस्थांपुढे एकच प्रश्न होता : तो आपल्याकडे कोठे आहे? त्यापूर्वी, २०१७ मध्ये, इक्विफॅक्स या अमेरिकन पतमापन कंपनीत दुसऱ्या एका दोषाची सूचना दोन दिवसांत अंतर्गत पत्राने सर्वत्र पोहोचली होती. शोधही घेण्यात आला. परंतु तो घटक नेमका कोणत्या यंत्रावर बसला आहे याची विश्वासार्ह यादी नसल्याने शोधात काही हाती लागले नाही, आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. सप्तमी विभक्ती नसलेले वाक्य अधिकाऱ्यांना पाठवून काय साधते, याचे हे उदाहरण आहे.

या एका बाबतीत निफाडची द्राक्षबाग अनेक संगणककेंद्रांच्या पुढे आहे. अपेडा या केंद्रीय निर्यात-विकास संस्थेने २००६-०७ च्या हंगामापासून ग्रेपनेट ही माग काढण्याची संगणकीय व्यवस्था लागू केली. निर्यातीची प्रत्येक बाग कृषी विभागाकडे नोंदविली जाते, तिला क्रमांक मिळतो, तिच्या द्राक्षांचा नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि पॅकहाउसमधून निघालेल्या मालाचा दुवा त्या बागेपर्यंत मागे नेता येतो. युरोपातील बंदरात एखाद्या खोक्यात कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर आढळला, तर तो कोणाच्या कोणत्या बागेतला हे शोधता येते. सॉफ्टवेअरच्या घटकांची अशी यादी प्रत्येक उत्पादनासोबत असावी असा आग्रह अमेरिकेच्या सरकारने २०२१ मध्ये धरला. द्राक्षाने तो त्याआधीच पंधरा वर्षे मान्य केला होता.

फलकातील रिकाम्या जागांविषयीही दोन शब्द अवश्य आहेत, कारण समीक्षकांचे त्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. फेब्रुवारी २०२४ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय भेद्यता-सूचीचे विश्लेषणाचे काम मागे पडत गेले. त्या वर्षात चाळीस हजारांहून अधिक नवे क्रमांक निघाले, आणि त्यांतील हजारोंना त्या सूचीकडून गुणांक मिळालाच नाही. गुणांक नसलेली नोंद उतरत्या क्रमाच्या यादीत कोठे जाते? बहुधा तळाशी. न बोललेले आणि शून्य म्हटलेले या दोहोंत जो भेद कोणतीही बोली सहज पाळते, तो क्रम लावणाऱ्या यंत्राने पुसून टाकला. बाजारात ज्या ट्रॉलीचा लिलाव अजून झालेला नाही, तिच्या मालाला भावच नाही असे पिंपळगावात कोणी समजत नाही.

या उणिवा जाणकारांच्या लक्षात आल्या नाहीत असे नव्हे. त्यांनी केलेल्या सुधारणा व्याकरणाच्या दृष्टीने पाहिल्या तर त्यांचा स्वभाव चटकन उलगडतो. अमेरिकेच्या सीसा या सरकारी संस्थेने नोव्हेंबर २०२१ मध्ये, ज्या दोषांचा प्रत्यक्ष गैरवापर झाल्याचे सिद्ध आहे त्यांचीच वेगळी सूची सुरू केली. ही भूतकाळाची सूची होय. सीव्हीईची एकूण संख्या दोन लाखांच्या पलीकडे गेलेली असताना या सूचीतील नोंदी त्या मानाने फार थोड्या आहेत. तिचे मोल या काटछाटीतच आहे. दुसरीकडे 'ईपीएसएस' हे अनुमान येत्या तीस दिवसांत एखाद्या दोषाचा गैरवापर होण्याची संभाव्यता सांगते. ते भविष्यकाळाचे झाले. अशा रीतीने काळहीन गुणांकाला भूत आणि भविष्य यांची जोड मिळाली. पण ही तीनही विधाने जगाविषयी आहेत. 'माझ्या कचेरीत' हे अधिकरण तिन्हींत नाही.

यांहून मूलगामी बदल कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने २०१९ मध्ये सुचविलेल्या 'एसएसव्हीसी' या पद्धतीत आढळतो. सीसाने तिचे जे रूप स्वीकारले आहे त्यात विशेषणे मुळी नाहीतच. तेथे निष्कर्ष आज्ञार्थी क्रियापदांत येतो : लक्ष ठेवा, अधिक जवळून लक्ष ठेवा, दखल घ्या, कृती करा. गैरवापर चालू आहे काय, त्याला यंत्राने वेग देता येतो काय, बाधित यंत्रावर संस्थेचे कोणते कार्य अवलंबून आहे, आणि लोकांच्या जीविताला वा हिताला किती धक्का बसेल, अशा प्रश्नांच्या पायऱ्या उतरून वाचणारा त्या क्रियापदापर्यंत येतो. शेवटचे दोन प्रश्न ज्याचे त्यालाच सोडवावे लागतात. पॅकहाउसच्या शीतगृहाचे तापमान सांभाळणारा संगणक आणि त्याच कचेरीत टपालाची नोंद ठेवणारा संगणक यांत एकच दोष असला, तर गुणांक दोघांना एकच विशेषण देईल. ही पद्धत एकाला 'कृती करा' म्हणेल आणि दुसऱ्याला 'लक्ष ठेवा'. विशेषणाकडून क्रियापदाकडे झालेले हे स्थित्यंतर वरवरचे नव्हे. गळून गेलेली कारके परत बोलावण्याचा हा पहिला पद्धतशीर यत्न होय.

यावर आक्षेप घेतला जातो तो संख्येचा. वर्षाला चाळीस हजार नोंदी असता प्रत्येकीचे वाक्य कोण रचणार? आक्षेप सकृद्दर्शनी बळकट आहे. परंतु चाळीस हजार ही जगाची संख्या आहे, एका संस्थेची नव्हे. ज्या संस्थेजवळ आपल्या घटकांची यादी आहे, तिच्यापुढे या महासागरातले थोडेच पाणी येते, आणि ज्यांचा गैरवापर होतो असे दोष त्यातही अल्प असतात. ज्या संस्थेजवळ यादी नाही तिला संख्या भेडसावते, आणि मग ती विशेषणाच्या आश्रयाला जाते. बाजार समितीतही रोज शेकडो ट्रॉल्या उभ्या राहतात. प्रत्येकीपुढे लिलाव वेगळा होतो, आणि तरी दुपारपर्यंत आवार मोकळे होते.

एवढे मान्य केल्यावरही एक गोष्ट उरते, आणि तिच्यापुढे विशेषणाचा फलक आणि क्रियापदाचा फलक दोन्ही सारखेच निरुत्तर आहेत. नॉटपेट्या मर्स्कमध्ये शिरली ती गाजलेल्या त्या दोषातून नव्हे. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांप्रमाणे युक्रेनमधील ओडेसा येथील कार्यालयातल्या एका संगणकावर एम.ई.डॉक हे हिशेबाचे सॉफ्टवेअर होते. त्याच्या नेहमीच्या सुधारणेतच विष कालविलेले आले. आत आल्यावर तिने एका यंत्राच्या स्मृतीतील परवलीचे शब्द उचलून दुसऱ्या यंत्राचे दार उघडले, त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही सुटले नाहीत. विश्वासू पुरवठादाराकडून आलेल्या अधिकृत सुधारणेला त्या दिवशी कोणत्याही सूचीत क्रमांक नव्हता. फलकाला नामेच ठाऊक असतात; ज्याचे अजून नामकरण झालेले नाही ते त्याच्या भाषेत असूच शकत नाही.

नाशिकच्या द्राक्षबागाईतदारांनी हा प्रसंग सात वर्षे आधी भोगलेला होता. २०१० च्या हंगामात प्रयोगशाळांची प्रमाणपत्रे घेऊन, ग्रेपनेटच्या सर्व पायऱ्या पार करून गेलेल्या द्राक्षांत युरोपातील तपासणीत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेहून अधिक निघाला. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, आणि त्याचा फटका बागाईतदारांना बसला. बागाईतदार हे द्रव्य लिहोसिन या व्यापारी नावाने ओळखीत. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठी ते मारले जाई, आणि वेलीत मुरलेला त्याचा अंश काही महिन्यांनी घडांत उतरला. प्रयोगशाळांनी चूक केली नव्हती. त्यांना जी रसायने तपासण्याची यादी दिलेली होती, तीत हे रसायन नव्हते. दुव्यांची साखळी निर्दोष होती, अधिकरण बिनचूक होते. नाम तेवढे नव्हते. त्यानंतर ते तपासणीच्या यादीत आले. निर्यातीच्या बागेत फवारणीची एक नोंदवही ठेवण्याचीही पद्धत आहे : अमुक तारखेला, अमुक बागेत, अमुक औषध, एकरी इतके मारले. ती वही वाक्यांत लिहिली जाते, आणि यादीत जे नाही तेही तीत लिहिता येते. संगणकाच्या बाबतीत तिला जुळणारी वही म्हणजे कोणत्या यंत्रावर, कोणी, केव्हा, कोठून आलेली कोणती सुधारणा बसविली याची नोंद. बहुतेक प्राधान्यफलकांच्या पहिल्या पडद्यावर तिला अद्याप रकाना नाही.